कोपऱ्यातला काळा टाका

ती. आईस,
सुईने चाळण झालेल्या बोटांचा नमस्कार.

सिनेगॉगमधल्या पोथ्यांच्या कपाटाचा पडदा भरून झाला. कमिटीने डोकं खाल्लं. सिंह भरले तर म्हणे डाळिंबं हवीत, डाळिंबं भरली तर म्हणे सिंहच बरे होते.

दृष्ट लागू नये म्हणून तू शिकवलेला काळा टाका मी कोपऱ्यात घातला होता. सेक्रेटरीसाहेबांनी भिंग लावून तो शोधला आणि ही चूक उसवा म्हणाले. मी मुकाट्याने उसवला आणि मागे, अस्तराखाली घातला.

डोळे बरे आहेत; सुई तेवढी शेजारीण ओवून देते. तुझे गुडघे काय म्हणतात?

आज पडदा टांगताना साहेबांच्या आईने अस्तर उचलून पाहिलं. माझं धाबं दणाणलं. त्या लेकालाच म्हणाल्या, "नजर काय मागून लागते? हा पुढे हवा."

बसलेय परत उसवत.

तुझ्या टाक्यापायी बेजार,
धाकटी