भंडाऱ्याविरुद्धची शेवटची चढाई

बाबा, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गिरणीच्या मागखात्यात तुमचे कान गेले आणि त्याची नोंद कुठेही झाली नाही. बोट तुटलं तर कागद होतो, साहेब येऊन बघून जातो. कान जातात तेव्हा रक्त येत नाही, म्हणून कागदही होत नाही. हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये म्हटलं आहे की आता म्हणताना मला काही होत नाही. ऐकणाऱ्यांना होतं. कामठीच्या विणकरांपुढे म्हटलं की पुढच्या रांगेत कानामागे हात धरून बसलेले दोघेतिघे हळूच हात खाली घेतात. मग मी तुमची गोष्ट सांगतो. माझा बाप कबड्डीचा पंच होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. सभा गप्प होते. वीस वर्षं मी ती गोष्ट सांगतो आहे आणि वीस वर्षं अर्धीच सांगतो आहे.

मी आत्मा मानत नाही, तुम्हीही मानत नव्हता. धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव तुम्ही स्वतः पोत्यात भरून नेले होते. तेव्हा हे पत्र कुठेही पोचणार नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी लिहितो.

ज्याला कबड्डी माहीत नाही त्याला सभेत मी एका वाक्यात समजावतो. चढाईला जाणाऱ्याने एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत राहायचं, दम तुटला की तो बाद, आणि तुटलेला दम पंचाने कानांनी पकडायचा. तुम्ही तो डोळ्यांनी पकडत होता. मागखात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठांवरून बोलतात. तुम्ही तीच विद्या मैदानावर आणली. ओठ, गळ्याची घाटी, नाकपुड्या. इतर पंच कान देऊन उभे राहायचे, तुम्ही वाकून चढाईवाल्याचं तोंड बघत त्याच्यासोबत रेषेवरून सरकायचात. लोक म्हणायचे, असा पंच विदर्भात नाही. का नाही ते फक्त घरात ठाऊक होतं. आई तुमच्याशी बोलायची ती नेहमी समोर येऊन. भाकरी थापता थापता काही सांगायचं असलं तर उठायची, पिठाच्या हातांनी चुलीला वळसा घालून तुमच्या पुढ्यात बसायची, सांगायची आणि परत जायची. मी लहानपणी एकदा पाठमोरा होऊन काहीतरी पुटपुटलो. तुम्ही दंडाला धरून मला फिरवलंत. "तोंड उघडून बोल ना बे. चोरी करून राहिला का?" तेव्हापासून मी समोर बघून, सावकाश, एकेक अक्षर सुटं बोलायला शिकलो. आज माझ्या वाणीचं कौतुक होतं. वस्तीतल्या वाचनालयातली पुस्तकं मी संपवली म्हणून असं बोलतो, असं लोकांना वाटतं. पुस्तकं नंतर आली.

आपला विदर्भ महाराष्ट्रात जाऊन सातआठ वर्षं झाली होती, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. विदर्भातल्या जिल्ह्यांचे संघ, प्रत्येक रविवारी कुठे ना कुठे सामना. मी पहिल्यांदाच नागपूरच्या संघात आलो होतो. पहाटे सक्करदऱ्याच्या तलावाला पाच चकरा मारायच्या, मग कॉलेज. तुम्ही आठवडाभर गिरणीत, आणि रविवारी पांढरा सदरा घालून दुसऱ्या जिल्ह्यांच्या सामन्यांना पंच. माझ्या सामन्याला तुम्ही कधीच पंच नसायचात, तसा नियमच होता. कधी आपण दोघे एकाच बसने निघून वेगवेगळ्या मैदानांवर उतरायचो. संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारायचात, "जिंकला का?" मी मान हलवायचो. एवढंच. त्या महिन्यांत मी किती खूश होतो हे मला माहीत आहे, पण ती खुशी आता आठवून येत नाही. टिपून ठेवल्यासारखी नुसती माहीत आहे.

काटोलचा सामना मात्र मला अजून दिसतो. संत्र्याच्या बाजारामागचं मैदान, वर्धा आणि भंडारा, पंच तुम्ही. माझा सामना नव्हता, मी प्रेक्षकांत. भंडाऱ्याचा कप्तान उंच, सावळा, विणकराचा मुलगा. तो दोन गडी मारून परत आला आणि तुम्ही हात वर करून त्याला बाद दिलंत. मैदानावर गोंधळ. कुणालाच दम तुटलेला ऐकू आला नव्हता. तेव्हा तुम्ही तुमची ती पद्धत वापरलीत, जी तुम्ही आपल्या गल्लीतल्या खेळातून मोठ्या मैदानावर आणली होती. गळ्याला बोट लावून तुम्ही त्यालाच विचारलंत. "तूच सांग गा. दम गेला का नाही?" पुस्तकात असा नियम नाही. पण तुमच्या सामन्यात खेळणाऱ्याचा शब्द शेवटचा, हे सगळ्या जिल्ह्यांनी मानलं होतं. तो क्षणभर तुमच्याकडे बघत राहिला. मग हसला. "हाव काका, गेला होता." आणि स्वतः चालत बाहेर जाऊन बसला. भंडारा तो सामना थोडक्यात जिंकला, पण परतीच्या बसमध्ये तुम्ही सामन्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "पोरगं चांगलं हाय." मला तुमच्याकडून ते शब्द कधी मिळाले नव्हते, हे मी तेव्हा मनात मोजलं होतं.

अंतिम सामना नागपूरला, आपला आणि भंडाऱ्याचा. नेमलेला पंच आला नाही, त्याची बस कुठेतरी बंद पडली होती. लोक ताटकळले. तुम्ही कनातीजवळ आईसोबत बसला होता. भंडाऱ्याचा तो कप्तान आयोजकांकडे गेला आणि म्हणाला, "काकांना उभे करा ना." आयोजक म्हणाले, "अरे, त्यांचा पोरगा खेळून राहिला नागपूरकडून." तो म्हणाला, "असू द्या. हे काका पोराले पाहत नाही, दम पाहते." तुम्ही दोनदा नाही म्हणालात. तिसऱ्यांदा त्याने तुमचा हात धरला. दुसरा पंच नवखा होता, रेषा बघायला म्हणून दिलेला.

वेळ संपत आली तेव्हा आपण एका गुणाने मागे होतो आणि चढाई माझी होती. दोन गडी मारले तर जिंकत होतो. नेहमी मी आडवा सरकत जायचो, म्हणजे माझं तोंड पंचांना दिसत राहायचं. सगळेच तसं जातात. त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, दुसऱ्याच्या मागे खोल गेलो आणि माझा दम संपला. आवाज फाटला, थांबला. मैदानावर इतका गलका होता की रेषेबाहेर कुणाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ऐकलं ते भंडाऱ्याच्या गड्यांनी. आणि बाबा, हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. दम संपतो आहे हे मला आधीच कळलं होतं, आणि कळलं तेव्हाच मी तोंड फिरवलं. शेवटच्या रेषेकडे तोंड, मागे राहिलेल्या दोन्ही पंचांकडे पाठ. मी श्वास घेतला, दुसऱ्या गड्याच्या पाठीला हात लावला आणि पळत मध्यरेषा गाठली. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्या मैदानावर आईशिवाय फक्त मला ठाऊक होतं. मी ते वापरलं.

भंडाऱ्याचे सातही जण हात वर करून ओरडत होते. तुम्ही माझ्याजवळ आलात. गळ्याला बोट लावलंत. "दम गेला का?" मी तुमच्याकडे बघून, तोंड उघडून, स्वच्छ म्हणालो, "नाही." तुम्ही किती वेळ बघत होतात मला सांगता येणार नाही. मग तुम्ही आपल्याला दोन गुण दिलेत. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला दिसलं की तो कप्तान तुमच्यासमोर उभा आहे. तो ओरडत नव्हता. "काका, तुम्हाले आम्हीच मागतलं होतं," एवढंच म्हणून तो गेला.

आठवड्याने जिल्हा मंडळाची बैठक बसली. भंडाऱ्याची तक्रार होती की बापाने पोराला जिंकवलं. गल्लीत तेच बोलणं सुरू होतं. पानठेल्यावर एकाने आईला ऐकू जाईल असं म्हटलं, "काकूनं पेढे वाटाले पायजे, घरचाच पंच, घरचीच शील्ड." आई तशीच घरी आली, तुमच्या पुढ्यात बसली आणि काहीच बोलली नाही. बैठकीत तुम्हाला बेइमान ठरवणार हे उघड होतं. माझ्यापुढे एक सोपं वाक्य होतं. तो बेइमान नाही, मी आहे. मी उभा राहिलो आणि दुसरंच बोललो. सभासदहो, माझ्या बापाने पक्षपात केला नाही, माझ्या बापाला ऐकू येत नाही. तुम्ही जे सदरे घालून इथे बसला आहात त्यांचं कापड विणताना त्याचे कान गेले. तुम्ही त्याला चोर म्हणता, चोरी त्याची झाली आहे. असं मी अर्धा तास बोललो. त्याआधी मी कधी सभेत बोललो नव्हतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसून माझ्या ओठांकडे बघत होता, आणि मी तुम्हाला समजावं म्हणून एकेक अक्षर सुटं बोलत होतो.

अध्यक्षांनी तुमच्यासमोर येऊन विचारलं, हे खरं का? तुम्ही म्हणालात, "हाव. पोरगं सांगते ते खरं हाय. मले ऐकू येत नाही." आणि खिशातली शिट्टी काढून टेबलावर ठेवलीत. तक्रार मागे घेतली गेली. भंडाऱ्याच्या कप्तानाने तुमच्या पायांना हात लावून माफी मागितली. ती माफी तुम्ही घेतलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला. निकाल तसाच राहिला. पुढे गिरणीतही ही गोष्ट पोचली आणि तुम्हाला मागावरून काढून गोदामात टाकलं. मला मात्र कामगारांच्या सभेत बोलवायला माणसं यायला लागली. माझं पुढचं सगळं त्या अर्ध्या तासावर उभं आहे. त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलं, "का झालं तिथं?" तुम्ही जेवायला बसत म्हणालात, "काई नाही. पोरगं मस्त बोललं."

इथपर्यंतचं मी कसंही करून सोबत वागवलं असतं. पण तुम्ही जाण्याच्या आधीच्या वर्षी कामठीचा एक विणकर तुमच्याकडे आला. नवा नवा पंच झाला होता. तुम्ही अंगणात बसला होता, मी बाजूला पेपर वाचत. तो तुमच्या समोर येऊन, ओठ मोठे करत म्हणाला, "काका, चढाईवाल्याची पाठ असली आपल्याकडं, तर दम कसा समजाचा?" तुम्ही म्हणालात, "सोपं हाय ना गा. खांदे पाहाचे. माणूस श्वास घेते तवा खांदे वर येते. कितीही लपवो." त्याला नीट कळेना, तेव्हा तुम्ही उठलात, आमच्याकडे पाठ केलीत आणि कबड्डी-कबड्डी म्हणत दोन पावलं पुढे गेलात. थांबलात. श्वास घेतलात. सदऱ्याखाली खांदे वर गेले आणि खाली आले. "दिसलं?" आतून आई ओरडली, "चहा थंडा होऊन राहिला वो भाऊ, त्यायले आता सोडा." तुम्हाला ते ऐकू गेलं नाही. तुम्ही वळलात, त्या विणकराकडे बघून हसलात आणि बसलात. माझ्याकडे तुम्ही पाहिलं नाही. मी पेपरमधली एकच ओळ वाचत राहिलो.

म्हणजे तुम्हाला दिसलं होतं? की ही विद्या नंतर सुचली, शिट्टी गेल्यावर, बसल्या बसल्या? दिसलं नसेल तर मी एका बहिऱ्या माणसाला फसवलं. दिसलं असेल तर तुम्ही मला विचारलंत, मी खोटं बोललो, आणि तुम्ही सगळ्या जन्मात एकदाच, माझ्यासाठी, खोटा निकाल दिलात. मग भंडाऱ्याची तक्रार खरी होती, आणि त्या पोराने तुमच्या पायांना हात लावला तेव्हा तुम्ही काय गिळलंत ते मला माहीत नाही. मी विचारू शकलो असतो. एक वर्ष हातात होतं. तुमच्यासमोर बसायचं, तोंड उघडायचं आणि विचारायचं, एवढंच होतं. मी दौऱ्यांवर होतो.

आता मंडळाने तुमच्या नावाने शील्ड ठेवली आहे, उत्कृष्ट पंचासाठी. येत्या रविवारी पहिली शील्ड माझ्या हस्ते द्यायची आहे, आणि भाषणही माझंच. भंडाऱ्याचा तो कप्तान येणार आहे, असं कळवलं आहे. मी ठरवलं आहे की त्याच्यादेखत खरं सांगायचं. भाषण लिहून काढलं. काल पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की "मी तोंड फिरवलं" या वाक्यानंतर मी समासात पेन्सिलीने एक उभी रेघ मारली आहे. जिथे टाळ्यांसाठी थांबायचं असतं तिथे मी अशी रेघ मारतो. कधी मारली ते आठवत नाही. खोडली, तर कागदावर ठसा राहिला आहे.

माझ्या तोंडून ते खरंसुद्धा भाषणच होणार. म्हणून तुम्हाला सांगतो आहे, जिथे काहीच पोचत नाही तिथे. तुमचा निकाल फिरवा बाबा. हात वर करा आणि मला बाद द्या.