तुमची वाचत नाही

मेहुणेबुवांस सप्रेम नमस्कार. आम्ही दोघेही जिवंत आहोत हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे स्वस्थ बसून वाचाल. तुमची पाठ कशी आहे? मंडळींचा खोकला? (माझा आहे तसाच आहे, पण सध्या माझ्याकडे बघतो कोण.)

घडले ते असे. पाय मोडल्यामुळे आमच्या हिला, म्हणजे तुमच्या ताईला, तुमच्या मुलाच्या लग्नाला येता आले नाही, म्हणून तुम्ही लग्नाची तबकडी पाठवलीत. ती मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या खणात ठेवली. यंत्र घरघरले, खाकरले आणि गप्प झाले. मी तबकडी उलटी घातली. मग साबणाने धुतली, उन्हात वाळवली, ताईच्या चष्म्याच्या फडक्याने पुसली (त्यावरून वेगळे भांडण झाले, ते सोडा). गाण्यांची तबकडी लागते, सिनेमाची लागते, तुमचीच लागेना. मला धास्ती, की धुताना लग्न वाहून गेले.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आजोबा, ही ब्लू-रे आहे. तुमचा ड्राइव्ह हिला वाचणार नाही." मला कळले ते एवढे, की आत एक किरण असतो आणि तो तबकडीवरची टिंबे चाचपत जातो. गाण्यांच्या तबकडीवर टिंबे ठसठशीत, सिनेमाच्या जरा बारीक आणि तुमच्या तबकडीवर मुंगीच्या पायाएवढी, दाटीवाटीने बसलेली. त्यांना निळा, टोकदार किरण लागतो. आमच्या यंत्रातले किरण जाड. अंगठ्याने मोहरी निवडण्यातला प्रकार. (मी किरणाच्या वाटेत निळा जिलेटिन कागद घालून पाहिला. तो आत अडकला. आता गाणीही लागत नाहीत.) आणखी दोन दुकानांत विचारले, तेच उत्तर.

मोबाइलवर लिहिताना माझी बोटे थरथरतात, म्हणून तुम्हाला थोडक्यात कळवले: "तुमची वाचत नाही. तिघांना दाखवली. सगळ्यांनी हात टेकले. लवकर दुसरी पाठवा." यात 'तबकडी' हा शब्द राहिला, एवढीच माझी चूक. त्या जागी ताईला तुम्ही घातलेत.

मग तुमच्याकडून फोन आला, तो ताईनेच उचलला. नव्या सूनबाई (ज्यांचे लग्न आम्ही अजून पाहिलेले नाही) रडत विचारत होत्या, "आत्याबाई शुद्धीवर आहेत का?" ताई म्हणाली, "मी कांदा चिरतेय." संध्याकाळपर्यंत थोरल्या मेहुण्यांनी माझी सालटी काढायचे ठरवले होते, आणि तुमच्या मावशींनी तर 'दुसरी' म्हणून शिवणकाम करणाऱ्या एक बाई खरोखरच सुचवल्या, स्वभाव शांत, दात स्वतःचे.

मरणाचे ताईला काही वाटले नाही. 'लवकर' या शब्दाचा मात्र राग आला आहे. ताट वाढते, पण मीठ मागितले तर भिंतीकडे बघते. इतक्या वर्षांत ती माझ्याशी भांडली नाही असा दिवस गेला नाही, आणि आता घर कसे ओसाड वाटते.

तुमचे (आणि अजून तुमच्या ताईचेच) भाऊजी

ता. क. खरे काम हे: ताईला फोन करून शपथेवर सांगा, की दुसरी म्हणजे तबकडीच. धाकट्या भावाचे ती ऐकते. आणि ती सिनेमासारख्या जाड टिंबांची पाठवा.

ता. क. दुसरा. पत्र बंद करण्याआधी ताईने ते ओढून घेऊन वाचले. म्हणाली, "कळवा मावशीला, दुसरी खुशाल पाठव म्हणावं. तबकडी असो की बाई, यांच्या हाती एक वाचायची नाही." फोन करू नका. बोलली.