पान वळणे, रोग की दुष्काळ

४ जानेवारी
माझी बायको सुनीता वारल्यावर तिचं राहिलेलं काम विद्यापीठातल्या तिच्या मॅडमनी माझ्याकडं दिलं. "कोष्टकं तुम्हाला जमतात. करा." दोन ऑन्टॉलॉजी, म्हणजे लक्षणांच्या गटवार याद्या, ताडून पाहायच्या. एक सगळ्या वनस्पतींची, एक फक्त ज्वारीची. कुठलं लक्षण कुठल्या गटाखाली, ते जुळवायचं. वाळूजच्या कंपनीतून आल्यावर बसतो. पाण्याचा टँकर आजही नाही.

९ जाने.
बरीच लक्षणं दोन-दोन गटांत सापडली. दुसरी नोंद उडवली. कंपनीत एका पार्टला एकच गट. यादी सुटसुटीत झाली.

१२ जाने.
मॅडमचा फोन. "अहो, इथं एका लक्षणाला वरचे दोन गट चालतात. स्क्रू समजलात काय?" हसल्या.
'पान वळणे' माझ्याकडून फक्त रोगाखाली राहिलं. त्यामुळं सुनीतानं माहेरून, देवगाव रंगारीहून आणलेला वाण रोगट ठरला, चाचणीच्या यादीतून बाहेर. इतकी वर्षं तिनं तोच धरला होता. यादी महिनाअखेर बंद.

१३ जाने.
उडवलेलं परत घातलं. तिच्या वाणाचं अडलं. पान दुपारी वळून सकाळी सुटत असेल तर दुष्काळ सोसणारा. सकाळीही वळलेलंच असेल तर रोग. सुनीताच्या नोंदी सगळ्या दुपारच्या. इथून निघून ती देवगावच्या शेतात पोचायचीच तेव्हा.
मॅडम : "सुटतं असं लिहा. मी सही करते."
लिहिलं नाही.

१७ जाने., देवगाव
संतोषकडं मुक्काम. सुनीताचा धाकटा भाऊ. तिच्या दहाव्यानंतर आजच आलो. सासूबाई वाढून आत गेल्या.
संतोष : "पान बघाया मुक्कामी आलेला पाव्हणा पयल्यांदाच बघतोय, दाजी." मग हळू आवाजात, "सुटतंय म्हणून सांगा की. ताईचं नाव ऱ्हाईल."

१८ जाने.
उजाडताना शेतात. बांधाकडच्या ओळी सुटलेल्या. वरच्या अंगाला पानं वळलेलीच.
"तिथं मुरूम हाय, ओल ठरत नाय," संतोष.
असेल. रोगही असेल. मला सांगता येत नाही.
तिथूनच मॅडमना फोन.
"सगळी सुटली?"
"काही सुटली. काही नाही."
"मग दोन्ही गट लागतील. रोगाचा गट लागला की वाण वगळतात, माहीत आहे ना?"
"हो."
"तरी तसंच लिहू?"
"तसंच लिहा."
चाचणीच्या समितीपुढं ठेवते म्हणाल्या. काय होईल सांगता येत नाही.
संतोषनं सगळं ऐकलं. "चला, चहा झाला आसंल," म्हणाला आणि पुढं निघाला. माझ्यासाठी थांबला नाही.