दादाच्या गाडीचा मोकळा आवाज

३ फेब्रु., मंगळ.
दादा ट्रक घेऊन माझ्या गॅरेजला आला. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन, चिरे वाहून वाहून दमलेलं. धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला तडा, धूर केबिनमध्ये. वेल्डिंग मारून देतो म्हटलं. नको म्हणाला. "सगळाच बदल. पुढच्या तिघांना एक पाइप, मागच्या तिघांना एक. मोठ्या मापाचे. निवळीच्या चढाला ओढील."
चुकीचं नाही. सहाही सिलिंडरांचा धूर एका अरुंद पाइपात कोंडतो, इंजिन घुसमटतं. मलाही हुरूप आला.

५ फेब्रु.
पाइप वाकवून झाले. सायलेन्सरचा डबा जोडायला घेतला, तर म्हणे तो नको.
"अरे दादा, कानठळ्या बसतील. आरटीओ धरील."
"नको म्हणतो ना!"
असं ओरडत नाही कधी.

६ फेब्रु.
इंजिन चालू होतं, दादा बॉनेटपाशी वाकलेला. मागून हाका मारल्या. ढिम्म. खांद्याला हात लावला तर दचकला केवढा!
वहिनीला फोन केला. "भावजी, तुम्हांला आज कळला? परवा कुकर शिट्ट्या मारून करपला, हे बाजूलाच बसलेले. डॉक्टरचा नाव काढला की ताटावरून उठतात."

७ फेब्रु.
सरळ विचारलं. टायरवर बसला. म्हणाला, "गियर कधी टाकायचा ते इंजिन सांगतं. आयुष्यभर तसाच चालवला. हल्ली सांगतच नाय. नुसती सीटला थरथर. आवाज मोठा असला तर..."
मी विचारलं,
"आणि मागून कोणी हॉर्न दिला तर?"
माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "काय?"

८ फेब्रु., रवि.
मी नाही म्हटलं. आधी कान दाखव. हात जोडले.
"दाखवीन. आणि गाडी चालवू नको म्हणाले तर? काय करू मी, सांग!"
उद्या दुसरीकडे नेतो म्हणाला. तिथे कसेतरी पाइप डकवतील, सांध्यातून धूर केबिनमध्ये, हा स्टिअरिंगवर पेंगणार. म्हणजे तेही धोक्याचंच.

१० फेब्रु.
बसवले. डबा न लावता. गॅस्केट नवी, सांधे पक्के. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावून दिले. माझ्या हातात एवढंच.
स्टार्टर मारला तसे शेडचे पत्रे थरथरले. दादा केबिनमधून ओरडला, "येतंय रे! ऐकू येतंय!" वर्षभरात असा हसलेला बघितला नव्हता. मीही हसलो, त्याच्यासाठी. असल्या आवाजाने उरलेसुरले कानही जातील, हे कुणाला सांगू.

१ मार्च
गणपतीपुळ्याकडे बांधकाम निघालंय, दादाच्या खेपा तिकडेच. सगळा रस्ता पर्यटकांचा, पोरंबाळं. दिवसभर फोनकडे लक्ष. वहिनी म्हणाली, कानांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, गेले नाहीत. त्या दिवशी भाडं होतं.

२२ मार्च, रवि.
दुपारी दादा आला. गाडी फाट्यावर असतानाच मला ऐकू आली. उतरला, चेहरा उतरलेला.
"आवाज बसलाय रे. पाइपात कायतरी अडकलाय, बघ जरा."
गाडीखाली गेलो. दोन्ही पाइप मोकळे. इंजिन गरजतंय, माझ्या छातीत धडधडतंय.
बाहेर त्याचे पाय दिसत होते. वाट बघत उभा.
"सापडला काय?"
मी पाना हातात धरून तसाच पडून राहिलो.