ओल्या जागी शिंक

प्रिय प्रांजल,

पहिलं हे सांगून टाकतो. गणपतीच्या आधी मी तुझ्या पप्पांची एक मस्करी केली, ती करायला नको होती. तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागदावर लिहितोय. माझं शुद्धलेखन तुला माहितीये, हसू नको.

पप्पा घरी कामाचं काही बोलत नाहीत, म्हणून सांगतो. आमच्या मरोळच्या गाळ्यात छोट्या विमानांचे पंख आणि शेपट्या टेम्पोतून येतात. वरून फायबर, आत फोम. केसाएवढी चीर पडली की पाणी आत जातं ते तिथेच बसतं, मग थर सुटतात. शेपटीच्या हलत्या फळीत ग्लासभर पाणी राहिलं तर ती वर हवेत आपोआप थडथडते, तुटूसुद्धा शकते. म्हणून काका, म्हणजे तुझे पप्पा, नाणं घेऊन इंच इंच ठोकतात आणि ऐकतात. सुकं असलं तर टणटण, ओलं असलं तर भद्द. पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, मेल्या, सुक्या पापडासारखो वाजाक व्हयो. ओल मोजायचं मीटर आहे, पण ते कपाटात बंद पडलंय. साहेब म्हणतात, जयवंत असताना मीटर कशाला.

तर मी काय केलं, एका भंगारातल्या पंखाला आतून भांडी घासायचा ओला स्पंज चिकटवला. म्हटलं काका पकडतील, चार शिव्या देतील, सगळे हसू. काकांनी त्याच जागेवर तीनदा ठोकलं आणि म्हणाले, सुको आसा. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर मी त्यांच्या मागे उभा राहायला लागलो. नाणं ओल्या जागी आलं की मी शिंकायचो. काका थांबायचे, परत ठोकायचे, पेन्सिलीने गोल करायचे. साहेबांनी मला सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या, मी त्या घेतल्यापण. आम्ही दोघं यावर कधी एक शब्द बोललो नाही. पण एकदा बराच वेळ मी शिंकलोच नाही, तर काकांनी मागे वळून मी आहे की नाही ते बघून घेतलं. तेव्हा मला कळलं की त्यांना माहितीये.

गेल्या बुधवारी आधारच्या लाइनीत माझी सकाळ गेली. गाळ्यावर पोचलो तेव्हा काकांनी एक शेपटी एकट्याने ठोकून सही करून ठेवली होती. सगळे जेवायला बसले, मी जाऊन ठोकली. भद्द. सरळ वीतभर भद्द. खालची पाणी निथळायची भोकं रंगाऱ्याने रंगात बुजवली होती आणि ते विमान पावसाळाभर उघड्यावर होतं. शुक्रवारी त्यात एक शिकाऊ पोरगा उडणार होता. काकांना म्हटलं, परत एकदा ठोकूया. म्हणाले, तू माका शिकवतस? आणि पाठ फिरवून डब्याचं झाकण लावत बसले. टेम्पोवाला खाली हॉर्न मारत होता.

मग मी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की मस्करीत मी त्या फळीत पाणी ओतलंय. दुसरं कुणी असतं तर विश्वास बसला नसता, माझ्यावर लगेच बसला. भोकं मोकळी केली तर तपकिरी पाणी आलं. साहेब म्हणाले, पाणी असं कसं रे. म्हटलं, चहा होता. त्यांनी तेही मानलं. पाच मिनिटांत मी रस्त्यावर. काका तिथेच उभे होते, नख साफ करत.

मला राग यायला पाहिजे ना. येत नाही. आई विचारते जेवलास का, तर आठवत नाही. चाळीतली पोरं म्हणतात प्रबुद्ध्या, एखादी गंमत कर. करतो. ते हसतात, मी बघतो. तुझा तो मेसेज आला, की माझ्या बापाचं नाव घालवलंस, तोसुद्धा मी बाजारभाव वाचावा तसा वाचला.

माझी नोकरी परत मिळावी म्हणून लिहित नाहीये. सोमवारी एका विमानाचे दोन्ही पंख येतायत आणि काकांच्या मागे कुणी नाहीये. शनिवारी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने. मळ साचलाय म्हण, काहीपण म्हण. मशीन लागलं तर लागू दे. चष्मा लावतात ना ते. आणि साहेबांना त्यांनी स्वतः सांगू दे की मीटर दुरुस्त करा, वय झालं. त्यांच्या तोंडून आलं तर त्यांना कुणी घरी बसवणार नाही, माझ्या तोंडून आलं तर त्याच दिवशी बसवतील. पण सोमवारी दहापर्यंत काही झालं नाही तर मला जाऊन बोलावंच लागेल गं, माझा इलाज नाही. ती वेळ माझ्यावर आणू नको. आणि मी तुला लिहिलंय हे कुणाला कळू देऊ नको. तुझ्या आईला नको, काकांना तर नकोच नको. पाया पडतो तुझ्या, कुणालाच नको.

तुझाच,
प्रबुद्ध