शिक्का पाहून घेतलेली गाणी

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला फोनवर बोलायची बंदी केली हे कळलं. घरात सगळ्यांना काळजी वाटली. मला मात्र थोडं हायसंही वाटलं, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान माझं म्हणणं पुरं होतं.

तू मला चोर म्हटलंस. उभी हयात कस्टमच्या कचेरीत गेली माझी. लोकांच्या बॅगांच्या अस्तरातून घड्याळं नि कॅमेरे बाहेर काढले, आणि माझी सख्खी बहीण मलाच चोर म्हणते. कशावरून, तर मी परदेशातल्या एका साइटवरून गाणी उतरवून घेतो म्हणून. अगं, फुकट घेत नाही, पैसे मोजतो. इथे एका गाण्याला जे पडतं त्यात तिथे अख्खा अल्बम येतो. वर पावती येते. साइटच्या तळाशी त्यांच्या देशातल्या कार्यालयाचा परवाना आहे, गोल शिक्क्यासकट. मी तो छापून फायलीला लावला आहे. खोटा शिक्का मला लांबून ओळखू येतो. हा खरा आहे.

आता माझ्या कॉम्प्युटरात इतकी गाणी साठली आहेत की ऐकायला पुढचा जन्म लागेल. तुझी भावजय म्हणते, त्यातली दहासुद्धा मी धड ऐकलेली नाहीत. तिला संग्रह म्हणजे काय ते कळत नाही.

घशाला जप. उत्तर दे, रागाचं असलं तरी चालेल.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागाचं चालेल म्हणालास म्हणून लिहिते.

शिक्का खरा असेल, बाबा. माझी गाणी काढणाऱ्या कंपनीच्या बाईंनी त्या परवान्याची वकिलाकडून चौकशी केली. तिथल्या कुठल्याशा संस्थेने त्यांना साऱ्या जगाची गाणी विकायची मुभा दिली आहे. आता मला सांग, त्या संस्थेला ती कोणी दिली? मी दिली नाही. माझ्या व्हायोलिनवाल्याला तर ती संस्था माणूस आहे की गाव, हेही माहीत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, फक्त याला शिक्का आहे. उद्या शेजाऱ्याने माझं घर परस्पर भाड्याने दिलं, तर तू भाडेकरूची पावती तपासून मलाच विचारशील, आपण कोण म्हणून. इथल्या कायद्यात ते बसत नाही असं वकील म्हणतात. पण कायदा राहू दे. सात रुपयांत सोन्याची साखळी मिळाली म्हणणाऱ्या प्रत्येकाला तू तीस वर्षं बाकावर बसवून ठेवत आलास. अख्खा अल्बम सात रुपयांत मिळाला की तुझी अक्कल कुठे गहाण पडते?

आता कामाचं. घशात गाठ आहे. साधी आहे, पण मेअखेरीस कापावी लागेल, आणि नंतर बोलता येईल, गाता येईलच असं नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. त्याआधी मला एक अल्बम करायचा आहे. आई शिलाई मशीनवर बसून म्हणायची ती गाणी. मशीनचं पायडल हलायचं त्या लयीत तिने ती बसवली होती, शिवण थांबली की गाणं थांबायचं. कुठेही लिहिलेली नाहीत. चाली मलाच येतात. तुला फक्त शब्दांचे तुकडे आठवत असतील, कारण तू कापडाच्या ढिगावर झोपलेला असायचास.

बाई चांगल्या आहेत, पण धर्मशाळा उघडून बसलेल्या नाहीत. माझा पहिला अल्बम एप्रिलअखेर बऱ्यापैकी खपला तर मेच्या सुरुवातीला स्टुडिओ देईन म्हणाल्या. नाहीतर त्या तारखा दुसऱ्या कुणाला. तेव्हा एवढंच कर, नातेवाइकांना सांग की एकेक घ्या. मला सांगायला लाज वाटते, तुला कशाचीच वाटत नाही.

भावजयीला सांग, ती दहा गाणीही तुझ्याकडून ऐकून होणार नाहीत. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला खरा, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं. ताई, मी मैदान मारलं आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सगळ्या गोतावळ्याला परिपत्रक काढलं. दोन आत्या, चुलतभाऊ, साडू, व्याही, माझ्या कचेरीतले निवृत्त झालेले सगळे. आपली माणसं कशी आहेत तुला ठाऊक आहे. कौतुक पोटभर करतील, खिशात हात घालायचा म्हटलं की त्यांचा खांदा धरतो. मग मी शोध घेतला, आणि काय सांगू, तुझा अल्बम माझ्या साइटवरही आहे. तिथली किंमत ऐकल्यावर एकानेही नाही म्हटलं नाही. थोरल्या आत्यांनी तर तीनदा घेतला. पहिल्यांदा घेतला होता हे त्या विसरल्या. चुलतभावाला एका कानाने ऐकू येत नाही, त्यानेही घेतला. त्यांच्या यादीत तू आठवडाभर वरच्या पाचांत होतीस. तुझ्या नावापुढे एका दाढीवाल्या गृहस्थाचा फोटो आहे तेवढा सोड.

तू म्हणशील, कंपनीला काय मिळालं? अगं, परवाना म्हणजे काय गंमत आहे? माल शिक्का मारून सुटला की जकात खजिन्यात जातेच, हे मी जन्मभर पाहिलं आहे. हिशेब तुझ्या बाईंकडे पोचायला वेळ लागेल इतकंच. त्या एकेक पावती मोजत बसतील, आणि मेमध्ये तू स्टुडिओत असशील. आईच्या मशीनवरच्या गाण्यातला एक शब्द मलाही आठवतो, रिकामं रीळ घेऊन काहीतरी. तेही घाल.

तुझा विजयी,
धाकटा

३ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काल बाईंनी बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलापाशी खुर्ची एकच आहे, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. तेव्हाच कळलं. अल्बम जवळजवळ खपलेलाच नाही. ज्यांनी घ्यायचा त्यांनी आधीच कुठूनतरी घेतलेला दिसतो, असं त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. कुठून ते सांगायचं धाडस झालं नाही. त्यांच्याकडे त्या देशातून आजवर एक दमडी आलेली नाही आणि येणारही नाही. मेच्या तारखा एका बासरीवाल्याला दिल्या. त्यांचा राग नाही, त्यांनी आधीच सांगितलं होतं.

राग तुझा आहे. कंपनीकडून घ्यायला सांगायचं, हे तुला निराळं समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं नाही. ज्यांनी माझा अल्बम घेतला असता तेवढीच माणसं जगात होती, आणि तू प्रत्येकाच्या दारात जाऊन त्यांना माझ्यापासून तोडलंस. शत्रूला इतकं नीट जमलं नसतं. त्याला आत्यांचा पत्ता ठाऊक नसता.

ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीने आधी वाचलं. दोन दिवस तिने मला चहा दिला पण समोर बसली नाही.

मी साइटवाल्यांना खरमरीत पत्र लिहिलं. माझ्या बहिणीचा हिस्सा कुठे आहे, कोणत्या खात्यात भरला, कोणाची सही. उत्तर लगेच आलं. माझ्यासारख्या निष्ठावंत ग्राहकाचे आभार, आणि भेट म्हणून वीस गाणी मोफत. ताई, मी चिडून जागेवरून उठलो, पण चिडायचं कुणावर हेच कळेना. त्या परवान्याचा कागद फायलीतून काढून पुन्हा वाचला. शिक्का खरा आहे. मी फक्त शिक्काच पाहिला. खाली नाव कुणाचं आहे, कुणाच्या वतीने आहे, हे कस्टममध्ये शिकाऊ पोरगासुद्धा आधी पाहतो.

मग मी तुझ्या बाईंकडे गेलो. सगळ्यांच्या वतीने अल्बम विकत घेतो म्हणालो. त्यांनी पैसे घेतले, पावती दिली, पण तारखा परत देणं त्यांच्या हातात नव्हतं. कंपनीला जुलैशिवाय स्टुडिओ नाही. तेव्हा मी असं ठरवलं आहे की मीच टेपरेकॉर्डर घेऊन येतो. चांगला, उसना आणलेला. तू खोलीची दारंखिडक्या लावून म्हण, व्हायोलिन नसलं तर नसो. शनिवारी निघतो. नको म्हणू नकोस. शिव्या समोर दे.

तुझा,
धाकटा

२२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शनिवारी तू आलास तेव्हा मी घरी नव्हते, दवाखान्यात होते. शेजारणीने सांगितलं असेलच. आदल्या आठवड्यात आवाज फुटला आणि थुंकीतून रक्त पडलं, म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया अलीकडे ओढली. तू दवाखान्याच्या बाकावर रात्रभर मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसला होतास, हे नर्सने मला सांगितलं. मी भेटायला नको म्हटलं, कारण मला तुझ्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं.

गाठ निघाली. साधीच होती. काल दुसऱ्याच एका डॉक्टरांनी हलक्या आवाजात आ म्हणायला लावलं. बोलता येईल. वरच्या पट्टीत काही उरलेलं नाही, खालच्या पट्टीतही सूर धरत नाही. त्यांनी विचारलं, पूर्वी गात होतात का. मी पाटीवर लिहिलं, घरच्या घरी.

तू लिहिलेलं ते रीळ घेऊन काहीतरी, तो शब्द बरोबर आहे. तेवढाच बरोबर आहे. बाकी गाणं मला डोक्यात ऐकू येतं, अगदी पायडलच्या खटखटीसकट, आणि बाहेर काढायला जागा नाही. तुला शिकवीन म्हटलं तर तू जन्माचा बेसूर. तुझा आता फार राग येत नाही, त्याने मलाच बरं वाटत नाही.

आईची सात गाणी होती. तुझ्या त्या साइटवर शोधून बघ. साऱ्या जगाची गाणी मिळतात ना तिथे, तेही इतकं स्वस्त.

पुढच्या महिन्यात ये. भावजयीला घेऊन ये. लोभ आहे, तो काही मी कापून टाकलेला नाही.

तुझी,
ताई