नाव कूमने ठेवायचं

१२ ऑक्टोबर, गुरुवार
वही, माफ कर. नऊ मार्चनंतर एक ओळ नाही. कारणं पुष्कळ होती. त्यातली दोन खरी होती.

आज मात्र लिहायलाच हवं. काल दुपारी माझ्या बालमित्राला, तिहोमिरला मुलगा झाला. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. तीन किलो चारशे. आई आणि मूल, दोघं ठीक.

त्याच्या लग्नात कूम, म्हणजे रक्ताच्या नात्याइतका मानाचा साक्षीदार, मी होतो, म्हणून मुलाचं नाव मी ठेवायचं. इथे वाल्येव्हो शहरात हल्ली आई-बाप स्वतःच नाव ठेवतात आणि कूमला नुसतं जेवायला बोलावतात. आमची दोन घरं तशी नाहीत. त्यांच्याकडची नावं चार पिढ्या आमच्याच घराने ठेवली. तिहोमिरचं माझ्या वडिलांनी ठेवलं, आलुबुखाराची दारू गाळताना, भट्टीवरची नजर न काढता. तिहो म्हणजे शांत, मिर म्हणजे शांतता. आज तो बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करतो, आणि माइक बंद पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. घाईत ठेवलेल्या नावाचं असं होतं.

मी घाई करणार नाही. नोंदणीला तीस दिवस असतात, म्हणजे दहा नोव्हेंबरपर्यंत. मला पाच पुरतील.
निश्चय: सोमवारपर्यंत नाव.

१४ ऑक्टोबर
लायब्ररीतून जुन्या स्लाव नावांचा कोश आणला. २१२ नावं उतरवली. चार रकाने केले: अर्थ, उच्चार, म्हातारपणी शोभेल का, आणि हे नाव असलेल्या माणसांचं वर्तन. शेवटच्या रकान्यात प्रामाणिक राहणं अवघड. द्रागान म्हणजे प्रिय. मोजणी ऑफिसातले आमचे साहेब द्रागान आहेत.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. पाळण्यावर चिठ्ठी: ‘रुझिकाचा मुलगा’. तिहोमिरची बायको रुझिका थकलेली दिसली. कूम, झिव्को या नावाचा अर्थ काय हो, असं तिने विचारलं. सांगितलं की झिव म्हणजे जिवंत. ज्या घरात मुलं वाचत नसत तिथे ठेवायचे, निदान हे तरी जगावं म्हणून. जरा खेडवळ नाव. एवढा एकच अर्थ, पुढे काही नाही. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बाळंतिणीला झोप फार.

१६ ऑक्टोबर, सोमवार
नाव ठरलं नाही. पण २१२ वरून ४० वर आलो. याला अपयश म्हणता येणार नाही.
दुशिका म्हणाली, शेताची हद्द ठरवायला तू चार वर्षं लावलीस ते चाललं, शेत कुठे पळून जात नव्हतं. बायकोला कामाची पद्धत समजावता येत नाही.

२० ऑक्टोबर
तिहोमिरचा फोन. हातभर लांब धरून ऐकला. घाई नाही, असं म्हणाला आणि मग चारदा विचारलं. नंतर भलतंच सुरू केलं: दिव्त्सी गावचा म्हातारा झिव्को आठवतो का, घोडागाडीवाला, ट्रकखाली आला, विहिरीत पडला, वीज पडली ती शेजारच्या झाडावर, आणि अजून ठणठणीत. विषय सोडून बोलायची त्याला लहानपणापासूनची सवय. मी कामात आहे, असं सांगून फोन ठेवला.
यादी आता नऊ नावांची. वूक म्हणजे लांडगा हे नाव काढलं. शाळेत प्रत्येक बाकावर एक लांडगा बसलेला आहे.

२४ ऑक्टोबर
मूल घरी आलं आहे, म्हणून बघायला गेलो. त्याला घरात कुणी कसलीच हाक मारत नाही. तिहोमिरची आई, कोसारा आजी, टाळ्याला जीभ लावून टकटक करते. तिहोमिर ‘अहो साहेब’ म्हणतो. रुझिका काहीच म्हणत नाही, नुसती बघत राहते. मला जरा विचित्र वाटलं.

आजीने मुरांबा आणि पाणी पुढे ठेवलं आणि गोष्ट सांगितली. तिच्या माहेरी एका घरात सात मुलं गेली. आठव्याचं नाव कूमने झिव्को ठेवलं. तो एक्याण्णव वर्षं जगला आणि सगळ्या गावाला पोचवून मग गेला. मी तिला नम्रपणे सांगितलं की एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही. ती म्हणाली, मुरांबा खा बाळ, आणखी एक चमचा घे, डोक्याला बरा असतो.

३० ऑक्टोबर
नऊची चौदा झाली. पाच नावांवर अन्याय झाल्यासारखं वाटत होतं.
दुरुस्ती: वीस तारखेला ‘मी कामात आहे’ असं लिहिलंय. त्या संध्याकाळी मी बुद्धिबळ खेळत होतो. हरलो. नोंद असू द्यावी.

३ नोव्हेंबर
सापडलं!
नेनाद. म्हणजे ज्याची आशा नव्हती तो. अकरा वर्षांनी, डॉक्टरांनी हात टेकल्यावर आलेलं मूल. जुनं, स्वच्छ, तीन हजार वेळा कोरलेल्या दगडासारखं नाव. चाळीसपैकी अडतीस गुण. गेले तीन आठवडे वाया गेले नाहीत हे सिद्ध झालं.

आठ तारखेला मित्रोव्दान, तिहोमिरच्या घरच्या संताचा सण. त्या दिवशी कुणाला बोलवावं लागत नाही, सगळे आपणहून येतात. तिथेच जाहीर करायचं. दोन पानांचं टिपण लिहायला घेतलं.
दुशिकाने विचारलं, आशा कुणाला नव्हती? मी म्हटलं, डॉक्टरांना. तिने विचारलं, मग मूल डॉक्टरांचं आहे का? मी टिपणाचं दुसरं पान लिहायला घेतलं.

८ नोव्हेंबर, मित्रोव्दान
दुपारी दोन. सणाची भाकरी मोडून झाली, प्रसादाचा उकडलेला गहू वाटून झाला, माणसं दाटीवाटीने बसलेली. मिलादिनकाका, ज्यांच्या शेताची हद्द मी मोजली होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की कूमसाहेबांच्या हातात गेलं म्हणजे पोराचं नाव मिलिटरीत भरती व्हायच्या आधी नक्की लागेल. मी हसलो. माझ्या खिशात उत्तर होतं.

उभा राहिलो. पहिलं पान वाचलं. तिहोमिर माझ्याकडे असा बघत होता की जणू गाडी आता येईल, आता येईल. दुसऱ्या पानाच्या शेवटी नाव उच्चारलं आणि अर्थ सांगितला.

कुणी ग्लास उचलला नाही. रुझिका मुलाला घेऊन दाराशी उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता.
“कूम, अकरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की आम्ही याची आशा केली नाही. एकही नाही.”

मग ती आत गेली. कोसारा आजीने माझ्या ताटात कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे आणखी चार मुटके वाढले. मी ते खाल्ले. दुसरं काय करायला हवं होतं ते सुचलं नाही.

९ नोव्हेंबर
ऑफिसात रजा टाकली. कारण: सर्दी. (सर्दी नाही.)

उद्या मुदत संपते. चौदातली तेरा उरली आणि एकही उचलवत नाही. कोणतंही नाव घेतलं की त्यामागे रुझिका दाराशी उभी दिसते.

एक गोष्ट या वहीत कधी लिहिली नाही. आज लिहितो. सहा वर्षांपूर्वी त्यांना एक मुलगी झाली होती. चार दिवस जगली. तिचंही नाव मीच ठेवायचं होतं. तेव्हाही माझी यादी चालू होती. पन्नासवरून अकरावर आलो होतो. तिच्या थडग्याच्या दगडावर फक्त आडनाव आहे.

त्याबद्दल मला त्या घरातलं कुणी आजवर एक शब्द बोललं नाही. मी ते क्षमा म्हणून धरलं होतं. आज तेवढी खात्री नाही.

दुशिकाने चहा आणून ठेवला. तिला सांगितलं की मला काहीच सुचत नाही, मी या कामाला लायक नाही, वडिलांनी भट्टीवरून नजर न काढता जे केलं ते मला महिनाभर कोश उघडून जमलं नाही. ती म्हणाली, कोश बंद कर आणि स्वतःची वही वाच. सगळं तूच लिहून ठेवलंयस.

वाचली. १४ ऑक्टोबर. २० ऑक्टोबर. २४ ऑक्टोबर.
तीन माणसं, तीन वेळा, एकच नाव. तिन्ही ठिकाणी अक्षर माझंच.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी सव्वासातला तिहोमिरला फोन केला. सांगितलं की निर्णय झाला, नाव झिव्को, नोंदणी ऑफिस आठला उघडतं, धाव. फोन नेहमीसारखा कानापासून लांब धरला होता. काही ऐकू येईना. जवळ घेतला. तिहोमिर हळू बोलत होता. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“नोंद झालीय रे. चौथ्या दिवशीच झाली, इस्पितळात. चौथा दिवस उजाडला आणि रुझिकाचं रडू थांबेना. तो दिवस तिला बिननावाचा जाऊ द्यायचा नव्हता.”

काय नाव नोंदवलं, हे मी विचारलं नाही. मला का सांगितलं नाही, एवढंच विचारलं.

“अरे, तो नुसता कागद. आईने घरात कुणाला त्या नावाने हाक मारू दिलेली नाही. कूमच्या तोंडून आल्याशिवाय नाव लागत नाही म्हणते. आम्ही थांबलोय.”

सव्वीस दिवस. रुझिकाने स्वतःच्या मुलाला हाक मारलेली नाही, कारण मी रकाने आखत होतो.

कुणाकुणाला माहीत होतं, हेही विचारलं. त्याने मोजायला सुरुवात केली. मिलादिनकाका. पोस्टमन. भाकरीवर मंत्र म्हणणारे धर्मगुरू. आमची दुशिका, तिने म्हणे चांदीच्या चमच्यावर नाव कोरून आणलंय, वीस ऑक्टोबरलाच. सणाच्या दिवशी मी कागद उलगडला तेव्हा चाळीस माणसांनी तेच एक नाव ऐकायला श्वास धरला होता.

तरीही नोंद करून ठेवतो की शेवटी नाव मी स्वतः शोधलं.
वरचं वाक्य खोडायला हवं. खोडतो.

लगेच निघतो म्हणालो. तो म्हणाला, आज दिवसभर ड्यूटी आहे, उद्या ये, सगळे घरी असू. आणि कूम, म्हणाला, कागद आणू नकोस.

उद्या: नऊच्या आत जाऊन मुलाला नावाने हाक मारणे.